गाडीचे वय, माणसाची सेवा
१४ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटनमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेणारा कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी काही हौशी चालक लंडनहून ब्रायटनला निघाले. १९२७ साली या प्रवासाचे पुनरावर्तन झाले. १९३० मध्ये सॅमी डेव्हिस, जॅकी मास्टर्स व जॉन वायली यांनी ब्रायटन येथे ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन केला. या वार्षिक फेरीसाठी मोटार १९०५ पूर्वीची असावी लागते. साहजिकच गाडीचा काळ ठरविणे हे कळीचे काम होय. क्लबचे जाणकार सभासद सांगाडा, यंत्र आणि कागदपत्रे पडताळून, पोथीचा काळ ठरविणाऱ्या संशोधकाच्या चिकाटीने ते करतात. प्रमाणपत्र मात्र गाडीचे असते.

म्हणूनच अशा क्लबांतील दीर्घ सेवेचा गौरव करताना केवळ वर्षे मोजणे अपुरे वाटते. त्या सभासदाने कोणत्या गाडीचा काळ कोणत्या पुराव्याने निश्चित केला, याचीही नोंद मानपत्रात हवी. एरवी गाडीचे वय सप्रमाण सिद्ध होते आणि ते सिद्ध करणाऱ्याची सेवा तेवढी ऐकीव राहते.