कुस्ती ठरलेली असते, पब्लिक ठरलेली नसते



'पब्लिक येडी असते' हे वाक्य आता आपल्या चळवळीच्या बैठकांतही सर्रास ऐकू येतं. सभेला लोक आले नाहीत तर पब्लिक येडी. आले आणि मत दुसऱ्याला दिलं तर पब्लिक विकाऊ. हा विचार काही आपला नाही. १८९५ साली गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने गर्दीवर एक पुस्तक लिहिलं. गर्दीत शिरलेला माणूस स्वतःची बुद्धी गमावतो आणि जो जोरात बोलेल त्याच्यामागे जातो, असा त्याचा सिद्धांत. कष्टकऱ्यांची गर्दी पाहून घाबरलेल्या वर्गाला तो फार आवडला, आजही आवडतो.

हा सिद्धांत आम्ही अशा ठिकाणी तपासून पाहणार आहोत, जिथली पब्लिक सगळ्यात येडी समजली जाते. ते ठिकाण म्हणजे टीव्हीवरची आणि स्टेडियममधली धंद्याची कुस्ती. तिथे कोण जिंकणार हे आधी ठरतं. कोणाला नायक करायचं, कोणाला खलनायक, कोणाच्या एंट्रीला टाळ्या पडाव्यात आणि कोणाची हुर्यो उडावी, हेही प्रमोटर ठरवतो. प्रेक्षकाने फक्त सांगितल्या जागी ओरडायचं. आता इतिहास काय सांगतो ते पाहू.

सुरुवात आपल्या गावापासून करावी लागेल. ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि आज हा शब्द मराठी वर्तमानपत्रं पुढाऱ्यांसाठी जास्त वापरतात, पैलवानांसाठी कमी. जत्रेच्या मैदानात दोन पैलवान नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात टाकून घुटमळायला लागले, की भोवतीची माणसं गप्प बसत नाहीत. 'सोडवा कुस्ती' असा गलका होतो आणि पंचांना ऐकावं लागतं. उलट हरलेला पैलवान जीव तोडून लढला असेल, तर लोक खिशात हात घालून त्याला इनाम देतात. पंचाचा निकाल एक आणि लोकांचा निकाल दुसरा, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. आणखी एक गोष्ट कुस्तीच्या गौरवग्रंथांत क्वचितच येते. मैदानात पैलवानाला चेव आणणारी हलगी पारंपरिकरीत्या मातंग समाजाच्या हातात राहिली. फेटे बांधून मानाच्या खुर्चीवर कोण बसणार हे जात ठरवत होती. पण कोणत्या डावावर ठेका चढवायचा हे त्या वाजवणाऱ्याचे कान आणि हात ठरवत होते.

पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्री स्टाईल कुस्त्या भरू लागल्या. बीडीडी चाळींपासून हे ठिकाण लांब नाही. 'दोन गटांत फ्री स्टाईल हाणामारी' असा मथळा आजही छापला जातो, तो या कुस्त्यांचाच शब्द. पंजाबातल्या धरमूचक गावचे दारासिंग इथले नायक होते. त्यांच्यासमोर उभा केलेला राक्षस म्हणजे किंगकाँग. मूळ नाव एमिल चाया, जन्माने हंगेरियन, वजन पावणेदोनशे किलोच्या वर. गोरा, अवाढव्य, दांडगाई करणारा परदेशी आणि त्याला उचलून आपटणारा भारतीय जवान, अशी ही मांडणी. देश नुकताच स्वतंत्र झालेला, त्यामुळे हिशेब सोपा होता.

पण लोकांनी किंगकाँगचा फक्त द्वेष केला नाही, त्याला आपलंसं केलं. अंगाने आडव्या माणसाला कौतुकाने किंगकाँग म्हणायची पद्धत पडली. १९६२ साली दारासिंगांना नायक करून चित्रपट निघाला, त्याचं नावसुद्धा 'किंगकाँग'! पुढच्याच वर्षी 'फौलाद' आला आणि अशा चित्रपटांची रांग लागली. समीक्षकांनी त्यांना 'स्टंटपट' म्हणून बाजूला सारलं. स्वस्त तिकिटाच्या रांगेतला कामगार मात्र ते पाहत राहिला. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. या कुस्त्या खऱ्या की ठरलेल्या, हा वाद सुशिक्षितांनी पुष्कळ घातला. आमच्या मते तो वाद फारसा महत्त्वाचा नाही. तमाशातला राजा खरा नसतो हे पाहणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो हसायचा थांबत नाही.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि ही कुस्ती वरळीहून थेट घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांत घुसली. आमची पिढी ती. गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग. तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणत, २००२ साली ते डब्ल्यूडब्ल्यूई झालं. इंग्रजी समालोचन आमच्यातल्या बहुतेकांना कळत नव्हतं, आणि आमच्या मते हीच गोष्ट निर्णायक ठरली. कोण चांगला, कोण वाईट हे समालोचक सांगत असे आणि ते आमच्यापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून आम्ही आमचेच निकष लावले. पत्त्यांसारखी ट्रम्प कार्डं मिळायची, त्यांवर उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. पडद्यावर कोणीही जिंको, गल्लीत ज्याचा आकडा मोठा तो मोठा. अंडरटेकर तर आमच्यासाठी मरून परत येणारा माणूस. १९९६ साली 'खिलाड़ियों का खिलाड़ी' आला आणि अक्षय कुमारने अंडरटेकरला हरवलं, यावर आमच्या कित्येक मित्रांनी वर्षानुवर्षं पैजा मारल्या. पडद्यावर होता ब्रायन ली. १९९४ साली कंपनीने नकली अंडरटेकर म्हणून उभा केलेला पैलवान तोच. म्हणजे नकलीची नकल. तरी भांडणं खरी झाली.

त्याच वर्षांत त्याच टीव्हीवर एक दुसरी गर्दी दाखवली गेली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण शहीद झाले. सरकारची गोष्ट तयार होती : जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. गुंडेवार आयोगाने हा बचाव नाकारला, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. 'जमाव भडकतो, जमावाला अक्कल नसते' हे वाक्य आम्हाला हलकं का वाटत नाही, ते यावरून कळावं. कुस्तीच्या प्रेक्षकाबद्दल ते बोललं तर करमणूक होते. वस्तीबद्दल बोललं की त्याच्यामागून बंदूक येते.

आता खलीकडे येऊ. हिमाचलचे दलीपसिंग राणा २००६ च्या एप्रिलमध्ये अंडरटेकरवर चाल करून डब्ल्यूडब्ल्यूईत आले. सोबत व्यवस्थापक म्हणून इराणी वंशाचं पात्र, दावरी. ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत सावळा, दाढीवाला, न कळणाऱ्या भाषेतला परका दाखवला की प्रेक्षक घाबरणार, हा त्यामागचा हिशेब. इकडे भारतात नेमकं उलटं झालं. शिमल्यात रखवालदारी केलेला माणूस जगज्जेत्याला आडवा करतो, हे पाहून लोक नाचले. खलनायक म्हणून पाठवलेला माल इथे नायक म्हणून उतरला. २००७ च्या जुलैमध्ये त्यांना विजेतेपद मिळालं, आणि पुढे कंपनीने त्यांना प्रेक्षकांतल्या बायकांचे मुके घेणारं विनोदी पात्र करून टाकलं. आमच्या गल्लीत मात्र खलीच्या बाजूने सगळे नव्हते. निम्मी पोरं अंडरटेकर सोडायला तयार नव्हती. 'आपला माणूस आहे' हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही.

हीच गोष्ट कंपनीला २०१७ मध्ये महागात पडली. २१ मे रोजी तिने कॅनडात जन्मलेल्या पंजाबी जिंदर महलला विजेता केलं, तेव्हा भारतीय बाजारपेठेसाठीच हे चाललंय, अशी चर्चा उघड होती. भारतीय म्हटला की भारतीय पाहणार, असा सरधोपट हिशेब. सप्टेंबरमध्ये ओकलंडच्या कार्यक्रमात त्याच्या तोंडी प्रतिस्पर्धी नाकामुराच्या जपानी चेहऱ्याची टिंगल घातली. तो खलनायक, म्हणजे प्रेक्षकांनी त्याच्यावर चिडणं अपेक्षित. पण 'हे फार झालं' अशा घोषणा सुरू झाल्या. त्या पात्रासाठी नव्हत्या, लिहिणाऱ्यासाठी होत्या. नोव्हेंबरमध्ये विजेतेपद काढून घेतलं गेलं. डिसेंबरात दिल्लीत ठरलेले दोन दिवसांचे कार्यक्रम एकावर आले, आणि त्या एकातही जिंदरला ट्रिपल एचकडून हरवून शेवटी दोघांना भांगडा करायला लावला.

तरीही प्रेक्षकाने प्रमोटरला खऱ्या अर्थाने वाकवलं, ते अमेरिकेत मेम्फिस शहरात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एलिस ऑडिटोरियममध्ये काळ्या प्रेक्षकांना फक्त वरच्या सज्जातल्या मोजक्या जागा होत्या. स्पुटनिक मन्रो हा गोरा पैलवान खलनायक म्हणून आणला होता. तो काळ्यांच्या बील स्ट्रीटवर जाऊन दारू प्यायचा, गप्पा मारायचा, त्यापायी पोलिसांनी त्याला दंडही केला. गोऱ्यांनी त्याचा द्वेष करावा अशी योजना होती, तो त्यांनी केलाच. पण काळ्या प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं. सज्जा ओसंडू लागला, लोक बाहेर उभे राहू लागले. तेव्हा मन्रो अडून बसला : माझ्या लोकांना हवं तिथे बसू द्या, नाहीतर मी उतरत नाही. प्रमोटरला तिकिटाचा पैसा दिसत होता. सभागृहातली वर्णरेषा मिटली.

याचं श्रेय एकट्या मन्रोला देणारे लेख आम्ही वाचले आहेत. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला हे पटणार नाही. सज्जा कोणी भरला?

२०१९ मध्ये कोफी किंग्स्टनच्या बाबतीतही असंच झालं. घानात जन्मलेला, अकरा वर्षं दुय्यम जागेवर ठेवलेला हा काळा पैलवान एका जखमी खेळाडूच्या जागी बदली म्हणून उतरला. प्रेक्षकांनी इतका आवाज केला, की ७ एप्रिलला कंपनीला त्याला विजेता करावं लागलं.

पण इथे भाबडं होऊन चालणार नाही. २०१४ साली डॅनियल ब्रायनसाठी प्रेक्षकांनी असंच बंड केलं, तेव्हा कंपनीने त्या बंडाचीच कथा केली, त्याचे टी-शर्ट विकले. लोकांचा विरोध पचवून त्यालाच विक्रीला काढणं प्रमोटरला जमतं. लोकांचं प्रेमही दुसरीकडे वळवता येतं. दारासिंग १९८७ साली 'रामायण' मालिकेत हनुमान झाले, १९९८ मध्ये भाजपत गेले, २००३ मध्ये राज्यसभेवर नेमले गेले. वरळीत ज्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांनी त्या या प्रवासासाठी वाजवल्या नव्हत्या. १९४३ साली पुण्यात 'रानडे, गांधी आणि जिना' या भाषणात बाबासाहेब विभूतिपूजेवर तुटून पडले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीला अधःपतनाची आणि हुकूमशाहीची वाट म्हटलं. हुर्यो उडवायचं विसरलेल्या प्रेक्षकाबद्दलच ते बोलत होते, असं आम्हाला वाटतं.

म्हणून प्रश्न आपल्यालाच विचारायला हवा. आपल्या जयंतीच्या मंचावर कोण आहे? नगरसेवकाचा बॅनर, बिल्डरची देणगी, एकामागून एक भाषणं, आणि समोर 'जनसमुदाय'. पोरं भाषण सोडून डीजेकडे गेली की आपण त्यांना समाजद्रोही ठरवतो. मैदान भरतं, मतपेटी भरत नाही, आणि दोष पब्लिकचा. कोणी असं म्हणत नाही, की लोकांनी बाबासाहेबांसाठी यायचं ठरवलं, ते आले, आणि मंचावरच्या नुरा कुस्तीला त्यांनी 'सोडवा कुस्ती' म्हटलं.

येत्या १४ एप्रिलला मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातल्या मंडळांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवणार आहोत. भाषणांतली दोन कमी करा आणि तेवढा वेळ माईक खाली, लोकांत द्या. बायकांपासून सुरुवात करा. कोणी लांबण लावेल, कोणी आमदाराला तोंडावर पुनर्विकासाचं विचारेल, कोणी आम्हालाच शिव्या घालेल. दोन-तीन मंडळांतून 'पब्लिकला माईक दिला तर कार्यक्रम हातातून जाईल' असं उत्तर आधीच आलंय. कार्यक्रम कोणाच्या हातातून जाईल, हे त्यांनी सांगितलेलं नाही.