पडद्यावरचा कारभारी

आपल्या समाजाच्या कार्यालयातला संगणक भंगारात द्यावा, असा विषय गेल्या वर्षी कार्यकारिणीसमोर आला. २००६ साली घेतलेला, पेंटियम फोर, मेमरी ५१२ एमबी. सभासदांची यादी, वर्गणीचे हिशेब, जुन्या स्मरणिकांचे मजकूर, सगळे त्याच्याच पोटात. ते पेनड्राइव्हवर काढून घेता आले असते, हे खरे. पण नवा संगणक घ्यायचा तर पैसे उत्सवाच्या खर्चातूनच काढावे लागणार होते. आणि यंत्र बिघडलेले नव्हतेच, थकली होती ती विंडोज एक्सपी. तिची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आणि पुढच्या आवृत्त्या या यंत्राला झेपेनात. आम्ही दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

त्या दोन महिन्यांत जो इतिहास कळला, तो देवासकरांना अवघड वाटू नये. आपले गाव एक, गाद्या दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती यांच्या हद्दी एकाच वस्तीतून गेलेल्या. कोणाचे कुठे संपते आणि कोणाचे कुठे सुरू होते, याची चोख नोंद ठेवणारा कारभारी दोन्हीकडे लागे. संगणकाच्या पडद्यावरही तसेच आहे. एकाच जागेवर चार कामांच्या चार खिडक्या हक्क सांगतात.

१९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम सुरू केली. तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. पडद्यावर रेघा-अक्षरे काढणे आणि माउस-कीबोर्डकडे लक्ष ठेवणे एवढेच एक्सने करायचे. खिडकी कुठे बसेल, तिला चौकट कशी असेल, कोणती वर येईल, हे ठरवणारा प्रोग्रॅम वेगळा. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात, आम्ही कारभारी म्हणतो. गादी तीच राहते, कारभारी बदलता येतो. विंडोजमध्ये अशी मोकळीक नाही. तिथे कारभारी गादीलाच शिवलेला.

१९८७ साली टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम लिहिला आणि पुष्कळ काळ तोच चालला. रॉबर्ट नेशन यांना तोही जड वाटला. त्याने फार मेमरी खाल्ली म्हणून १९९३ साली त्यांनी त्यातूनच एफव्हीडब्ल्यूएम काढला. (यातला एफ कशाचा, हे पुढे खुद्द त्यांनाही आठवेना!) मग १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम हे मोठे वाडे उभे राहू लागले. दिवाणखाना, माजघर, बाग, सगळे त्यात. नवशिक्याची सोय झाली यात शंका नाही, पण वाडा झाडायलाच चार माणसे लागतात. म्हणून लहान घर बांधणारेही थांबले नाहीत. आइसडब्ल्यूएम १९९७ चा. २००६ साली एलएक्सडीई सुरू करणारे हाँग जेन यी तर तैवानातले, पेशाने डॉक्टर!

आपल्या भागात लिनक्स आले ते बहुधा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीतून. डिप्लोमा करताना आम्हीही अशी सीडी मित्राकडून मागून आणली होती. त्यातल्या रेड हॅटच्या पडद्यावर हाच एफव्हीडब्ल्यूएम विंडोज ९५ सारखा पोशाख घालून बसलेला असे. तेव्हा ते कळले नाही. ही विंडोजचीच गरीब नक्कल, असे म्हणून आम्ही सीडी परत केली. आता त्याची चुटपुट लागते.

त्याच सुमारास, १ जानेवारी २००० रोजी, धार जिल्ह्यात ज्ञानदूत सुरू झाले. गावोगावी सूचनालये, प्रत्येकात एक संगणक आणि तो चालवणारा स्थानिक सूचक. शेतकऱ्याला मंडीचे भाव आणि जमिनीच्या कागदांच्या नकला तिथे मिळू लागल्या. त्याच वर्षी ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. इकडे यंत्र एकदा आले की ते शेवटच्या श्वासापर्यंत वापरायचे असते, हे आम्ही धारमध्येच पाहिले. राष्ट्रपती कलाम यांनी २८ मे २००३ रोजी पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला, २००७ साली सी-डॅकने बॉस लिनक्स आणले, २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. आमच्या टेबलापर्यंत मात्र त्यातले फारसे पोहोचले नाही.

समाजाच्या यंत्रावर आम्ही अँटीएक्स हे लिनक्स घातले आणि कारभारी म्हणून आइसडब्ल्यूएम बसवला. यंत्र चालू होऊन लिहायला तयार होते, तोवर चहा गाळून होतो. पूर्वी तो पिऊनही होई. इंटरनेटवरची भरगच्च पाने त्याला जड जातात, ते काम त्याला सांगू नये. लिहिणे, हिशेब आणि छपाई तो बिनतक्रार करतो. पंचाईत झाली ती ‘ळ’ची. हिंदी टंकनाला सरावलेली आमची बोटे तिकडे वळेनात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून एन दाबायचा, हे कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले आहे.

कार्यकारिणीत दोन मते आजही आहेत. दिसायला जुनाट आहे, मुले हात लावत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. दुसरी अडचण मोठी आहे. अँटीएक्स ज्या डेबियनवर उभे आहे, त्याची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि आमच्यासारख्या ३२ बिटच्या यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय तिच्यात ठेवलेली नाही. जुन्या आवृत्तीवर अजून काही वर्षे निघतील.

घरोघरच्या संगणकांचे काय, तेही बघावे लागेल. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि पुष्कळ धडधाकट यंत्रांना विंडोज ११ चालत नाही. ती यंत्रे ६४ बिटची, मेमरीही चार जीबीच्या वरची. त्यांना वाडासुद्धा झेपेल. कोणाचे असे यंत्र असेल तर विकण्याआधी कार्यालयात घेऊन या. आरतीनंतर आम्ही तिथेच असतो. यंदाच्या वर्गणीच्या पावत्या त्याच पेंटियमवर छापल्या आहेत. कोषाध्यक्ष अजून खिडकी बंद करायला भलत्याच कोपऱ्यात माउस नेतात.