सुला व्हिनयार्ड्सच्या द्राक्षबागा

नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या जलाशयालगत, तसेच दिंडोरी तालुक्यात असलेल्या वाइनद्राक्षांच्या बागा. सुला या वाइन कंपनीचे संस्थापक राजीव सामंत यांनी अमेरिकेतील नोकरी सोडून येथे कुटुंबाच्या सुमारे ३० एकर जमिनीवर आधी खाण्याची द्राक्षे घेऊन पाहिली. पुढे कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या साथीने त्यांनी सोविन्यों ब्लां व शेनिन ब्लां या जाती लावल्या. पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. ‘सुला’ हे नाव सामंत यांच्या आई सुलभा यांच्या नावावरून घेतले आहे. नंतर शिराझ, झिनफांडेल, कॅबरने सोविन्यों या तांबड्या वाइनच्या जातीही आल्या.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. युरोपात हिवाळ्यात पाने गाळून वेल झोपी जातो. इथे थंडी तेवढी कडक नसल्याने तो वर्षभर वाढतच राहतो. त्याला वळण लावते ती कात्री, आणि तीही वर्षातून दोनदा. फळ उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यातून नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पक्व काडीवर मोजके डोळे राखून गोडी छाटणी करतात. कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब जमतो, काही दिवसांनी डोळा फुगून पोंगा बाहेर पडतो आणि जानेवारी ते मार्च या काळात घड काढणीला येतात. ऊन चढण्याआधी फळ थंड असतानाच तोडणी उरकण्याकडे कल असतो.

शाश्वत द्राक्षशेतीचा विचार इथे छाटणीच्या तारखेपासूनच सुरू व्हायला हवा. गोडी छाटणी लवकर झाली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते, केवडा आणि करपा हे रोग बळावतात, मग फवारणीमागून फवारणी करावी लागते. फार लांबली तर फळ उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते आणि आम्लता घसरून पांढऱ्या वाइनचा ताजेपणा जातो. थंडीत भुरीचा धोका असतो तो वेगळाच. घडाभोवतीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवणे, हा औषधाचा खर्च आणि जमिनीवरचा भार दोन्ही कमी करणारा साधा उपाय आहे. त्याला मजूर मात्र जास्त लागतात.

वाइनद्राक्षांचा एक गुण या कामी उपयोगी पडतो. खाण्याच्या थॉमसन सीडलेसचा मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात. वाइनला मणी लहानच हवा, कारण रंग व स्वाद मुख्यतः सालीत असतो. त्यामुळे हे संजीवक लागत नाही. मणी पिकताना ठिबकचे पाणी मोजून कमी केले, तर रस दाट होतो. पाण्याची बचत आणि वाइनची प्रत इथे हातात हात घालून चालतात. दुष्काळाची सवय असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट फार मोलाची आहे. गाळपानंतर उरलेला साल-बियांचा चोथा कुजवून खत म्हणून बागेला परत देता येतो.

वायनरीत सौरऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे आणि हलक्या वजनाच्या बाटल्या यांवर भर आहे. त्यांतला बाटलीचा मुद्दा सर्वांत वजनदार मानावा लागेल, कारण वाइनमागे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात काचेचा वाटा मोठा असतो. स्पेनच्या तोरेस आणि अमेरिकेच्या जॅक्सन कुटुंबांच्या वायनऱ्यांनी २०१९ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंटरनॅशनल वायनरीज फॉर क्लायमेट अॅक्शन’ या गटात सुला सहभागी झाली आहे.

सुलाची बरीचशी द्राक्षे स्वतःच्या जमिनीवरची नसून दीर्घ मुदतीच्या करारावर शेतकऱ्यांकडून येतात. म्हणूनच पाणी, फवारणी आणि मातीचे जे काही बरेवाईट व्हायचे ते बहुतांशी त्यांच्या बांधावर ठरते. लहान, बियांची, जाड सालीची ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात खपत नाहीत आणि वेल उत्पन्नावर यायला दोन-तीन वर्षे जातात. बाग लावण्याआधी खरेदीदार आणि दर ठरलेला असावा, हा शेतकऱ्याचा आग्रह त्यातूनच येतो.