डिक्शनरी आणि कापलेले दोन मार्क

परवा शनिवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. पायथॉन शिकतोय. पहिल्या महिन्यात हमखास येणारा प्रश्न होता: डिक्शनरीत पाच मुलांची नावं आणि गुण आहेत, ते एका ओळीत एक असे रकान्यांत छापा. पठ्ठ्याने फॉर लूप लावला, एफ-स्ट्रिंगमध्ये नावाला दहा आणि गुणांना तीन अक्षरांची जागा दिली, झालं! नावं ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने बाहेर आली. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मला मात्र २०१० साल आठवलं.

तेव्हा ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरांना मी पायथॉन २.६ शिकवायचो. प्रश्न हाच. रकाने जमवायला टक्क्याचं चिन्ह, थेट सी च्या प्रिंटएफवरून आलेलं. रकाने सगळ्यांचे जमायचे, गोची व्हायची ती क्रमाची. डिक्शनरी म्हणजे हॅश टेबल. नावावरून एक आकडा काढायचा, त्यावरून टेबलातलं घर ठरवायचं, आणि छापताना घरं ओळीने वाचत जायची. आधी कोणाला भरलं याचा पत्ता क्वचितच लागायचा.

मी माझं आउटपुट फाइलमध्ये ठेवलं होतं आणि प्रत्येकाचं त्याच्याशी ताडून बघायचो. एका मुलीने सॉर्टेड वापरून नावं वर्णानुक्रमाने छापली. फाइल जुळली नाही, मी दोन मार्क कापले. ती म्हणाली, "सर, पण तुमचा क्रम कुठून आला?" मी म्हणालो, "पायथॉनने दिला तसा." (काय हे उत्तर!)

पुढे डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत क्लिंक आणि वेल्डे या दोघांनी दाखवलं, की एकाच घरात पडतील अशा चाव्या मुद्दाम पाठवल्या तर सर्व्हर गुदमरतो. म्हणून २०१२ च्या पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश दर वेळी वेगळा निघू लागला. तोच प्रोग्राम पुन्हा चालवला की क्रम बदललेला! माझी ती फाइल तिथेच निकालात निघाली असती.

डिसेंबर २०१२ मध्ये रेमंड हेटिंगरने एक कल्पना मांडली: नोंदी येतील तशा एकाखाली एक लिहायच्या, आणि विरळ टेबलात फक्त त्यांचे अनुक्रमांक ठेवायचे. हेतू मेमरी वाचवण्याचा होता, क्रम फुकटात मिळाला. पायपायने ते आधी केलं, मग इनादा नाओकीच्या कामामुळे २०१६ च्या ३.६ मध्ये आलं. पण तिथे 'यावर विसंबू नका' अशी तळटीप होती. डिसेंबर २०१७ मध्ये गिदोने हा नियमच असल्याचं जाहीर केलं आणि २०१८ च्या ३.७ पासून तो भाषेचा भाग झाला. भाच्याचा प्रोग्राम चालतो तो यामुळे.

हे सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग तिचे दोन मार्क परत दिलेस का?"

नाही दिले.