व्यापार आणि लिझीबाई

ल्युडो, सापशिडी, कॅरम, पत्ते... बैठ्या खेळांचं वेड आमच्या घराण्यात पिढीजात आहे. पण मे महिन्याच्या दुपारी सगळ्यात जास्त भांडणं लावली ती 'व्यापार'ने. मुंबई घ्या, दिल्ली घ्या, त्यावर घरं बांधा आणि सख्ख्या-चुलत भावंडांकडून निर्लज्जपणे भाडं वसूल करा!

'व्यापार' हे अमेरिकेतल्या 'मोनोपॉली'चं देशी रूप. त्या खेळाचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो यांचं नाव कित्येक वर्षं सांगितलं जाई. मंदीत बेकार झालेला माणूस घरी बसून खेळ तयार करतो, १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीला विकतो आणि श्रीमंत होतो. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

खरा खेळ त्याआधी तीस वर्षांचा. तो केला एलिझाबेथ ऊर्फ लिझी मॅगी या बाईंनी. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताच्या त्या अनुयायी. जॉर्ज यांचं म्हणणं साधं होतं: जमीन कुणी माणसाने निर्माण केलेली नाही, मग तिचं भाडं मूठभर मालकांनीच का खावं? कर लावायचा तर जमिनीवर लावा, लोकांच्या कष्टावर नको. आता हे भाषणातून सांगितलं तर किती जण ऐकणार? लिझीबाईंनी सरळ पटच आखला. ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळालं. त्यात जेल होता, रेल्वे होती आणि एक फेरी पूर्ण केली की हातात मजुरी पडत होती.

पुढे या खेळाला दोन प्रकारचे नियम झाले. एकात मालक गब्बर होतो आणि बाकीचे देशोधडीला लागतात. दुसऱ्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं आणि सगळ्यांचंच थोडंथोडं भलं होतं. दोन्ही खेळा आणि तुम्हीच ठरवा, असा बाईंचा रोख.

खेळ घरोघरी, हाताने पट काढून पसरला. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी त्यात आपल्या गावच्या रस्त्यांची नावं घातली. मित्रांमार्फत तो डॅरोंपर्यंत पोचला. कंपनीने लिझीबाईंचं पेटंट १९३५ साली घेतलं ते ५०० डॉलरला. १९४८ साली त्या गेल्या. त्यांचं नाव पुन्हा वर आलं ते १९७०च्या दशकात, राल्फ अँस्पॅक या प्राध्यापकांच्या 'अँटी-मोनोपॉली' खेळावरून झालेल्या कोर्टकज्ज्यामुळे.

जगभर पोचला तो पहिला नियम. दुसरा विसरला गेला.

खरंच विसरला गेला? आमच्याकडे कुणाचं दिवाळं निघालं की आजी बँकेतून बिनव्याजी कर्ज द्यायची. धाकट्याला अर्धं भाडं माफ. पुस्तिकेत असलं काही नव्हतं. पण एक जण उठून गेला तर खेळायचं कोणाशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लिझीबाईंचं नावही न ऐकलेली आजी दर उन्हाळ्यात त्यांच्याच बाजूने खेळत होती.

असो. पुढच्या खेपेला पट मांडाल तेव्हा एक डाव असा खेळून बघा: जमिनीचं भाडं मालकाला न देता मधल्या डब्यात टाकायचं आणि दर फेरीला सगळ्यांत वाटायचं. भांडणं कमी होतील की वाढतील, ते तुम्हीच सांगा!