दोन गाद्या, एक घर

किन्हईच्या कुलकर्ण्यांच्या एका घरातून प्रतिनिधींची दोन घराणी झाली. एक साताऱ्याच्या छत्रपतींचे, पुढे औंधचे. दुसरे कोल्हापूरच्या छत्रपतींचे, विशाळगडचे. वंशावळीत हा फाटा दोन रेघांत दाखवता येतो. माझ्यापर्यंत तो भांडणातून आला. आजोबा किन्हईजवळच्या कोरेगावकडचे आणि आजीचे माहेर विशाळगडकरांच्या मलकापूरचे, त्यामुळे परशुराम त्रिंबकांची गोष्ट आमच्या माजघरात कधी एका तोंडाने सांगितली गेली नाही.

सुरुवातीबद्दल मात्र दोघांचे एकमत असे. किन्हईच्या त्रिंबक कृष्णांचा हा मुलगा. वतन लेखणीचे, पण संभाजी महाराजांच्या वधानंतर मोगल मुलूखभर पसरले तेव्हा त्याने तलवार धरली. १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला. पुढे विशाळगडाला खुद्द औरंगजेबाने वेढा दिला, तेव्हा १७०२ च्या पावसाळ्यापर्यंत तो गड झुंजवला. "घराला नाव दिलं ते यानं," असे म्हणून आजोबा थांबत. इथून पुढे आजीची पाळी असे.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि लहानपणापासून मोगलांच्या कैदेत वाढलेले संभाजीपुत्र शाहू सुटून दक्षिणेकडे निघाले. मुलाच्या नावे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या काकू ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेवविल्या. खेडला भीमेच्या काठी १२ ऑक्टोबरला फौजा समोरासमोर आल्या. राजा खरा आहे अशी खात्री पटल्यावर सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत लढले, हरले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात शिरले. किल्लेदार शेख मिऱ्याची बायकामुले वाईला होती. शाहूंनी ती धरून आणून तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असे सांगतात. शेख मिऱ्याने पंतांनाच कैद करून गड खाली केला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंचा राज्याभिषेक झाला तेव्हा पंतांच्या पायात बेडी होती.

धनाजींनी खरा राजा ओळखला, हे आजोबांचे म्हणणे. आजीचे उत्तर ठरलेले: "शपथ सगळ्यांनीच घेतली होती. पाळली कुणी ते सांगा."

खरी खडाजंगी पुढच्या प्रसंगावर होई. काही वर्षांनी शाहूंनी पंतांना सोडून प्रतिनिधिपद दिले. पंतांनी मुलाला, कृष्णाजीला, विशाळगडाच्या बंदोबस्ताला पाठवले. गड हाती येताच कृष्णाजी ताराबाईंनी उभ्या केलेल्या कोल्हापूरच्या गादीकडे गेला आणि तिकडचा प्रतिनिधी झाला. शाहू संतापले. पंतांना पुन्हा कैद झाली, डोळे काढण्याचा हुकूम सुटला. खंडो बल्लाळ चिटणीसांनी मध्ये पडून रदबदली केली म्हणून डोळे वाचले.

"बापाच्या डोळ्यांवर बेतलं, पोरानं मागं वळून पाहिलं नाही," आजोबांचा आवाज चढे.

"अहो, बापानं दूधभातावर दिलेला शब्दच पाळला ना त्यानं?"

यावर आजोबांना उत्तर सापडलेले मी पाहिले नाही. त्या काळच्या घराण्यांबद्दल एक शहाणपण सर्रास ऐकू येते: वतन राखायला एक मुलगा इकडे, एक तिकडे ठेवायचा, दोन्ही डगरींवर हात. इतर घरांचे असेलही तसे. या घराबद्दल मला ते कधी पटले नाही. ज्याचे डोळे जाणार होते त्याने हा सौदा ठरवून केला असे म्हणायला मन धजत नाही. बाप आपल्या शपथेतून पराभवामुळे सुटला होता. मुलाने ती स्वतःवर लागू धरली, की नुसती संधी साधली? आजीचा पक्ष मला जवळचा वाटतो. पण कैदेतल्या बापाचे काय, हा आजोबांचा प्रश्न तिने कायम टाळला, हेही खरे.

दुसरा मुलगा श्रीपतराव शाहूंजवळच राहिला. पंत पुन्हा सुटले, पद परत मिळाले आणि १७१८ मध्ये ते वारले. मग श्रीपतराव प्रतिनिधी झाला. १७३० मध्ये शाहूंच्या फौजा वारणेवर कोल्हापूरकरांच्या छावणीवर तुटून पडल्या, तेव्हा पुढे हाच श्रीपतराव होता. ज्या गादीसाठी बाप खेडला लढला आणि भावाने घर सोडले, तिची छावणी त्याने लुटली. त्या छावणीतून ताराबाई साताऱ्याच्या कैदेत आल्या. पानिपतावर आपण इतके लिहितो. वारणेवरची ही भाऊबंदकी मात्र चार ओळींत उरकतो, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या वर्षी तह झाला आणि वारणा दोन राज्यांची हद्द ठरली. आजोबांचे वऱ्हाड ती हद्द ओलांडून मलकापूरला गेले तेव्हा दोन्ही घराणी आपापल्या जागी नांदत होती. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये कोल्हापूर आणि त्याबरोबर विशाळगडची जहागीरही. आजी-आजोबांचा वाद त्यानंतरही चालूच राहिला.