अँटवर्पचे ज्यू, पालनपूरचे जैन आणि मी पुढे पाठवलेला मेसेज



पर्युषणानंतरच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो वाचला असेल. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात हिऱ्यांच्या बाजारावर ज्यू लोकांचं राज्य होतं, आपल्या मूठभर जैनांनी तिथे जाऊन काही वर्षांतच त्यांना मागे टाकलं, आणि याचं कारण आपले संस्कार, आपली सचोटी, आपला आहार. मी तो वाचला, मला फार बरं वाटलं आणि लगेच चार ग्रुपवर पुढे पाठवला.

संध्याकाळी चौविहाराच्या घाईत ताटं वाढताना लेकीलाही वाचून दाखवला. ती अकरावीत आहे. पोळी मोडता मोडता तिने विचारलं, "आई, मग ज्यू लोकांचे संस्कार कमी पडले का?"

"तसं नाही गं," एवढंच मी म्हटलं. पण तसं नाही तर कसं, हे मला सांगता येईना. मग गेले दोन महिने दुपारची कामं आटोपली की मी याच विषयावर वाचत बसले. जे समजलं ते आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

अँटवर्प हे मोठं बंदर आहे. हिऱ्याला पैलू पाडण्याचं काम तिथे शेकडो वर्षांपासून चालत आलं, पण त्याला खरी भरती आली ती दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर हिरे सापडू लागले तेव्हा. माल वाढला, तसे हात हवे झाले. नेमक्या त्याच काळात, १८८१ नंतर, रशियाच्या साम्राज्यात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरंदारं सोडून लाखो ज्यू पश्चिमेकडे निघाले. अमेरिकेला जाणाऱ्या रेड स्टार लाइन कंपनीच्या आगबोटी अँटवर्पहूनच सुटत. कुणाचे तिकिटाचे पैसे कमी पडले, कुणी डोळ्यांच्या आजारामुळे तपासणीत अडकलं, कुणाला इथेच काम मिळालं. अशी कितीतरी कुटुंबं बंदरावरच थांबली आणि तिथलीच झाली.

म्हणजे हे लोक थैलीत हिरे घेऊन आलेले व्यापारी नव्हते. बहुतेक जण गरीब होते. कुणी शिंपी, कुणी फेरीवाला, कुणी हिरे घासणारा कारागीर. त्यांच्यातल्या काहींनी दलाली शिकली, मग व्यापार. १८९३ मध्ये हिऱ्यांचा पहिला क्लब निघाला, १९०४ मध्ये दुसरा बाजार सुरू झाला. सेंट्रल स्टेशनच्या आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत अख्ख्या जगाचा हिरा फिरू लागला. पण दोन पिढ्या तिथे काढूनही त्यांच्या हातात देशाचा कागद नव्हता. १९४० मध्ये बेल्जियममध्ये जे ज्यू राहत होते, त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून जास्त जणांकडे बेल्जियमचं नागरिकत्व नव्हतं.

पुढचं वाचताना माझा हात थांबला. मे १९४० मध्ये हिटलरचं सैन्य बेल्जियममध्ये शिरलं. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी होत्या, ते इंग्लंड, पोर्तुगाल, क्युबा, न्यूयॉर्क असे पांगले. कारागीर, शिंपी, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका मागे राहिल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये अँटवर्पमध्ये रात्रीच्या वेळी घराघरांतून माणसं उचलली गेली आणि या कामात शहराचे स्वतःचे पोलीसही होते. जवळच्या मेखेलेन गावातल्या लष्करी बराकीत त्यांना कोंडलं आणि तिथून रेल्वेने आउशवित्झला पाठवलं. बेल्जियममधून अशा पंचवीस हजारांहून जास्त ज्यूंना नेलं गेलं. त्यातले फार थोडे जिवंत परतले.

आज अँटवर्पच्या रस्त्यांवर काळे कोट आणि काळ्या टोप्या घातलेले जे ज्यू दिसतात, ते बरेचसे युद्धानंतर पूर्व युरोपातून तिथे आलेल्यांचे मुलं-नातवंडं आहेत. मृत्यूच्या दारातून परतलेल्यांनी पुन्हा शून्यापासून संसार मांडला. आणि मी, ग्रुपवर, "त्यांना मागे टाकलं" असं लिहिलेलं पुढे पाठवलं होतं.

आता आपल्याकडचे लोक पाहू. गुजरातच्या उत्तरेला बनासकांठ्यात पालनपूर आहे. तिथले जैन अँटवर्पला जायच्या कितीतरी आधी मुंबईत आले होते आणि झवेरी बाजारात मोती नि हिऱ्यांचा व्यापार करत होते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती. तेव्हा पैलू पाडलेला माल निर्यात करा आणि त्या बदल्यात कच्चा हिरा आणा, अशी परवान्यांची सोय सरकारने केली होती. त्या वाटेने १९६० आणि ७० च्या दशकांत पालनपुरी घरांतली तरुण मुलं अँटवर्पला पोहोचली.

ते काय विकत घेत होते? मोठ्या हिऱ्यांना हात घालण्याएवढी ऐपत नव्हती. बारीक, डागाचा, तपकिरी कच्चा माल, ज्याला घासायची मजुरी युरोपात परवडत नाही आणि म्हणून जो बाजूला पडतो, तो ते घ्यायचे. आणि तो विकणारे बहुतेक ज्यू व्यापारीच होते, हे लक्षात ठेवा. तो माल मुंबईमार्गे सुरतेला जायचा, तिथे स्वस्तात पैलू पडायचे आणि परत युरोप-अमेरिकेत विकला जायचा. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आर्गाइलची खाण सुरू झाली. तिच्यातून असाच बारीक माल ढिगांनी निघू लागला. ज्याची कुणाला गरज नव्हती, त्याच मालावर स्वस्त दागिन्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आज अँटवर्पच्या हिरेव्यापाराचा अर्ध्याहून जास्त भाग भारतीयांच्या हातात आहे, तो असा आला.

मेहनत होती का? होतीच. सचोटीही होती. पण सचोटी ज्यूंकडेही तितकीच होती. या बाजारात लाखोंचे सौदे कागदाशिवाय होतात. हातात हात घेऊन "माझल" म्हटलं की सौदा पक्का. हा शब्द ज्यूंचा आहे, पण तिथला जैन व्यापारीही सौदा करताना तोच उच्चारतो. दोघांचे धंदे घरातल्या घरात, दोघांकडे सोयरिकी आपल्यातच, दोघांकडे शब्द मोडला तर समाजात तोंड दाखवायला जागा नाही. संस्कारांची तुलना केली तर उन्नीस-बीसचाही फरक सापडायचा नाही.

फरक होता तो पाठीशी काय आहे याचा. ज्यू माणूस अँटवर्पला आला तेव्हा मागे जळलेलं गाव होतं. पालनपुरी मुलगा आला तेव्हा मागे मुंबईची पेढी होती, सुरतेचे कारखाने होते, एक भाऊ इथे, एक भाऊ तिथे अशी माणसांची साखळी होती. पुढे भारतीय बँकांनीही अँटवर्पला शाखा उघडल्या. त्याच्या खिशात स्वतंत्र देशाचा पासपोर्ट होता. धंदा बुडालाच तर परतीचं तिकीट काढून घरी जाता येत होतं. ज्याला परत जाता येतं आणि ज्याला येत नाही, त्या दोघांना एकाच तराजूत कसं तोलायचं?

एक गोष्ट मात्र वाचताना मला फार जवळची वाटली. अँटवर्पला डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहाला. ज्यू घरात शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सगळा स्वयंपाक उरकावा लागतो, कारण शब्बाथ लागला की चूल पेटवायची नाही. आणि चौविहार पाळणाऱ्या जैन घरात रोजच सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं. म्हणजे त्या शहरात थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारी दोन अनोळखी बायका आपापल्या स्वयंपाकघरात घड्याळाकडे आणि खिडकीकडे पाहत भराभर हात चालवत असणार. एकीकडे दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी, दुसरीकडे कंदमूळ वर्ज्य. एकीकडे पेसाहच्या सणाआधी घरातला पावाचा कण न् कण झाडून काढायचा, दुसरीकडे पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही. आहाराने धंद्यात यश मिळत असतं तर दोघी बरोबरीने पुढे गेल्या असत्या.

राहण्यात मात्र आज फरक दिसतो. शब्बाथला गाडी चालवायची नाही, म्हणून धार्मिक ज्यू प्रार्थनास्थळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, स्टेशनच्या जुन्या वस्तीत दाटीने राहतात. अनेक हसिदी घरांत सहा-सात मुलं असणं नवलाचं नाही. मुलांच्या धार्मिक शाळांचा खर्च असतो आणि हिऱ्यातली कामं कमी झाल्यामुळे कित्येक घरं समाजाच्या मदतनिधीवर चालतात. आपले बरेच लोक शहराच्या विल्राइक भागात राहतात. तिथे संगमरवरी देरासर आहे. त्याचा दगड भारतात कोरून बोटीने तिकडे नेला आणि २०१० मध्ये प्रतिष्ठा झाली. फोटो पाहून मन प्रसन्न होतं. पण एका बाजूला ते देरासर उभं राहत होतं, तेव्हा दुसऱ्या बाजूला जुन्या दलालांची आणि अँटवर्पजवळच्या केम्पेन खेड्यांतल्या हिरे घासणाऱ्या ख्रिस्ती कारागिरांची कामं संपत आली होती. ती सुरतेला गेली होती.

सुरतेला घासणारे कोण? तेही घर सोडून आलेलेच. भावनगर, अमरेलीकडची पाटीदार आणि इतर समाजांची मुलं, पाऊस नाही म्हणून शेती सोडून आलेली. नगावर मजुरी. २००८ च्या मंदीत त्यांच्यातले हजारो एका फटक्यात बेकार होऊन गावाकडे परतले. आमच्या मेसेजमध्ये या लोकांचं नावही नव्हतं.

आणि काळ कुणासाठी थांबत नाही. आता प्रयोगशाळेतले हिरे आले आहेत, व्यापार दुबईकडे सरकतो आहे, २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर युरोपात बंदी आहे. अँटवर्पचा बाजारच आकसतो आहे. उद्या आपल्याला कुणी "मागे टाकलं", तर आपले संस्कार कमी पडले असं आपण म्हणणार आहोत का?

शेवटी एक घरचं सांगते. माझ्या सासरचे लोक मारवाडातून नगर जिल्ह्यात आले, त्याला पाच-सहा पिढ्या झाल्या. सासूबाई लहानपणी ऐकलेलं सांगतात की गावात म्हणायचे, "लोटा घेऊन आले आणि वाडे बांधून बसले." १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही आलं. त्यांचा राग मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. रोखे काढून चव्हाट्यावर जाळले. कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, आणि इंग्रजांची कोर्टं सावकाराच्या कागदाला शेतकऱ्याच्या तोंडी शब्दापेक्षा जास्त मानत होती. जमिनी जात होत्या. त्या काळचं शेतकऱ्याचं दुःख खरं होतं, आणि आपल्यातल्या काहींनी त्या कागदांचा फायदा घेतला हेही खरं.

पण "ही जातच तशी" हे वाक्य खरं नव्हतं. मग "आपली जातच अशी गुणी" हे वाक्य खरं कसं होईल? ही दोन्ही वाक्यं एकाच मापाने कापलेली आहेत. एक आपल्याला झोंबतं, दुसरं गोड लागतं, एवढाच फरक. अनेकांतवाद पाठशाळेत आपण मुलांना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगून शिकवतो. मी मात्र हत्तीचं सोन्याचं दागिनं घातलेलं एक सुळं तेवढं पाहिलं होतं.

लेकीला मी परवा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या ग्रुपवर पण सांग ना." मला संकोच वाटत होता. संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हाच मी तो मेसेज पाठवला होता. शेवटी चारही ग्रुपवर लिहिलं की मी पाठवलेलं अर्धवट होतं, त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्, पूर्ण गोष्ट लवकरच लिहीन. ती ही.

एका ताईंचा लगेच फोन आला. त्यांचा भाचा सुरतेत एका कारखान्यात हिशेब पाहतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं तू त्या मुलांचं लिहितेस. दिवाळीला त्यांचं काम बंद होतं, मग पुन्हा कधी सुरू होईल याची कुणालाच खात्री नसते." या वर्षी मंडळाच्या दानपेटीतला काही भाग त्या मुलांच्या घरच्यांसाठी, त्यांच्या लेकरांच्या शाळेच्या फीसाठी पाठवावा, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या मंडळात मांडून बघा.

जय जिनेंद्र.